७२ म्हणाले, ९५ झाले: हिवाळी भाकितांची झाडाझडती



आज दोन आकड्यांपासून सुरुवात करू: ७२ आणि ९५.

२०१५ च्या मोसमाआधी पेकोटा नावाच्या एका संगणकीय मॉडेलने सांगितलं, की कॅन्सस सिटी रॉयल्स हा बेसबॉल संघ यंदा ७२ सामने जिंकेल. संघाने जिंकले ९५. वर वर्ल्ड सिरीजही जिंकली.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी कोर्सवर्कच्या सेमिनारला मी हेच उदाहरण घेऊन उभी राहिले होते. आर शिकताना सरावाला लाहमन डेटाबेस मिळाला होता, म्हणजे बेसबॉलच्या दीडशे वर्षांच्या आकडेवारीचा फुकट खजिना. त्यातून ही गोष्ट सापडली आणि मला वाटलं, घबाडच हाती लागलं. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मॉडेल सपशेल फसलं.’ वर्ग हसला. आमच्या गाईड मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “फसलं म्हणजे कोणाच्या तुलनेत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज ते आहे, असं मला वाटतं, आणि ते तुमच्याही कामाचं आहे. तुमच्यापैकी बरेचजण नेट-सेट किंवा पेटच्या तयारीत असतील, काहीजण सिनॉप्सिस लिहीत असतील. त्यात कुठेतरी ‘या मॉडेलने आम्ही अमुक गोष्टीचा अंदाज वर्तवू’ असं वाक्य येणारच. ते लिहिण्याआधी हा लेख वाचा.

आधी स्पर्धेची रचना

बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी काही बिघडत नाही. मेजर लीगमध्ये ३० संघ, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन विभाग आणि प्रत्येक विभागात पाच संघ. एका मोसमात प्रत्येक संघाचे १६२ सामने. विभागात पहिला आलेला संघ थेट पुढच्या फेरीत जातो. २०१५ साली विभागातल्या प्रत्येक शेजाऱ्याशी १९ सामने व्हायचे. म्हणजे १६२ पैकी ७६ सामने याच चौघांशी! त्यामुळे चाहत्यांची नजर आपल्या संघाइतकीच शेजाऱ्यांच्या हालचालींवर असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदानं रिकामी असतात, बाजार मात्र गजबजलेला असतो. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झालेला आणि करार संपलेला खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो आणि कुठल्याही संघाशी बोलणी करू शकतो. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने दिलेल्या निकालामुळे हे दार उघडलं. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे: एक सभागृह, एक-दोन दिवस, हातोडा आणि प्रत्येक संघाला खर्चाची ठरलेली मर्यादा. इथे सभागृह नाही, हातोडा नाही आणि पगाराची कडक मर्यादाही नाही. ठरावीक रकमेपुढे कर भरावा लागतो, इतकंच. बोलणी चार-चार महिने चालतात. या काळात सामने नसल्यामुळे क्रीडा-पानं कशाने भरायची? भाकितांनी. कोणी कोणाला घेतलं, शेजारी किती बळकट झाला, यंदा विभाग कोण मारणार, यांनी.

या भाकितांवर माझे काही आक्षेप आहेत. पण आधी नमुना बघू.

पाच शेजारी, एक हिवाळा

विभाग: अमेरिकन लीग सेंट्रल. काळ: २०१४-१५ चा हिवाळा.

डेट्रॉइट टायगर्स. सलग चार वर्षं विभागविजेते, २०१४ मध्ये ९० विजय. हिवाळ्यात त्यांचा मॅक्स शेर्झर हा अव्वल पिचर २१ कोटी डॉलरच्या सात वर्षांच्या करारावर वॉशिंग्टनला गेला. व्हिक्टर मार्टिनेझ या फलंदाजाला मात्र त्यांनी चार वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख देऊन ठेवून घेतलं.

कॅन्सस सिटी रॉयल्स. २०१४ मध्ये ८९ विजय आणि वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात पराभव. जेम्स शील्ड्स हा मुख्य पिचर आणि बिली बटलर हा जुना फलंदाज, दोघेही गेले. बदल्यात आले एडिन्सन व्होल्केझ (दोन वर्षं, २ कोटी), केंड्रिस मोरालेस (दोन वर्षं, १ कोटी ७० लाख) आणि अ‍ॅलेक्स रिओस (एक वर्ष, १ कोटी १० लाख). एकूण ४ कोटी ८० लाख.

क्लीव्हलँड. तेव्हाचं नाव इंडियन्स, आताचं गार्डियन्स. ८५ विजय. हिवाळा तुलनेने शांत.

शिकागो व्हाइट सॉक्स. ७३ विजय. हिवाळ्यात तिजोरी उघडली: डेव्हिड रॉबर्टसन (चार वर्षं, ४ कोटी ६० लाख), मेल्की कॅब्रेरा (तीन वर्षं, ४ कोटी २० लाख), अ‍ॅडम लारोश (दोन वर्षं, २ कोटी ५० लाख). तिघांचे मिळून ११ कोटी ३० लाख. शिवाय अदलाबदलीत जेफ समार्झा हा पिचर मिळवला.

मिनेसोटा ट्विन्स. ७० विजय, सलग चौथ्या वर्षी ९० पेक्षा जास्त पराभव. अर्व्हिन सांताना या पिचरला चार वर्षांसाठी ५ कोटी ५० लाख दिले. मोसम सुरू होण्याच्या तोंडावर तो उत्तेजक चाचणीत सापडला आणि ८० सामन्यांसाठी बाहेर बसला.

आता २०१५ च्या एप्रिलमध्ये स्वतःला उभं करा आणि मनातल्या मनात क्रम लावा. पुढे वाचू नका, आधी लावा.

झालं? प्रत्यक्षात असं झालं: रॉयल्स ९५, ट्विन्स ८३, क्लीव्हलँड ८१, व्हाइट सॉक्स ७६, टायगर्स ७४. चार वर्षांचा विजेता तळाला. ज्याचा महागडा पिचर अर्धा मोसम बंदीत होता तो संघ दुसरा. ११ कोटी ३० लाख मोजणाऱ्या संघाचे तीन विजय वाढले.

आक्षेप पहिला: नावं मोजणं म्हणजे अंदाज नव्हे

हिवाळ्यातला सर्वात लोकप्रिय लेखनप्रकार म्हणजे प्रगतिपुस्तक. या संघाला ‘अ’, त्या संघाला ‘क’. निकष काय? किती मोठी नावं घेतली. हे वाचायला मजा येते, पण यात एकही तपासता येईल असं विधान नसतं. ‘व्हाइट सॉक्स बळकट झाले’ हे वाक्य ७६ विजयांनी खरं ठरलं की खोटं? दोन्ही म्हणता येतं. जे विधान कुठल्याही निकालाने खोटं पडू शकत नाही, ते भाकीत नव्हेच.

आता परिणामाचा आकार बघा. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ ‘बदली खेळाडू’ नावाचा एक काल्पनिक माणूस धरतात, किमान पगारात कधीही मिळेल असा. असा नुसता बदली खेळाडूंचा संघ साधारण ४८ सामने जिंकेल, असा संकेत आहे. खेळाडूची किंमत म्हणजे त्याच्यापेक्षा किती जास्तीचे विजय मिळवून देतो. बरा नियमित खेळाडू दोन, मोठा तारा पाच-सहा. नवा खेळाडू आला की कोणीतरी बाहेर बसतो, त्याचे विजय वजा करायचे. म्हणजे तीन चांगले खेळाडू घेऊनही निव्वळ वाढ चार-पाच विजयांची.

आणि नशिबाचा आकार? हे गणित तुम्ही बारावीत केलं आहे. जिंकण्याची शक्यता निम्मी असलेला संघ १६२ सामने खेळला, तर द्विपद वितरणानुसार प्रमाण विचलन १६२ × ०.५ × ०.५ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.४ विजय. संघाची खरी ताकद देवाने तुमच्या कानात येऊन सांगितली, तरी मोसमाअखेरीस तुम्ही सरासरी पाच विजयांनी चुकणारच. हिवाळ्यातली सगळी खरेदी एका बाजूला आणि नुसती नाणेफेक एका बाजूला ठेवली, तर पारडं नाणेफेकीकडे झुकतं. हे न सांगता दिलेलं ‘अ’ आणि ‘क’ म्हणजे ढगात आकार बघणं.

आक्षेप दुसरा: शिखरावर खरेदी

व्हिक्टर मार्टिनेझने २०१४ मध्ये ०.३३५ ची सरासरी राखली आणि ३२ होम रन मारले. त्याआधी कुठल्याही मोसमात तो २५ च्या वर गेला नव्हता. ऐन शिखरावर असताना करार झाला. २०१५ मध्ये सरासरी ०.२४५, होम रन ११.

उलट उदाहरण मोरालेसचं. २०१२ मध्ये २२ होम रन, २०१३ मध्ये २३ आणि २०१४ मध्ये एकदम ८, सरासरी ०.२१८. रॉयल्सने त्याला घेतलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. २०१५ मध्ये सरासरी ०.२९०, होम रन २२, धावा आणल्या १०६.

हे काय आहे, तुम्ही ओळखलं असेल. सरासरीकडे परतणं. गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत दाखवलं तेच. एखाद्याचा एक मोसम अफाट गेला, तर त्यात थोडी ताकद असते, थोडं नशीब असतं. ताकद पुढच्या वर्षी सोबत येते, नशीब येत नाही. बाजार मात्र ताज्या मोसमाकडे बघून भाव लावतो.

पण इथे जरा थांबा, कारण इथेच नवशिका संशोधक घसरतो. मीही घसरले होते. मार्टिनेझचं वय तेव्हा ३६ होतं आणि फेब्रुवारीत त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. मग घसरण कशाने झाली: सरासरीकडे परतण्याने, वयाने की गुडघ्याने? एका माणसावरून सांगता येत नाही. मोरालेसचंही तसंच. २०१४ मध्ये त्याचा करार जूनमध्ये झाला, तोपर्यंत तो घरी बसून होता. आणि रिओस? रॉयल्सनेच घेतलेला, भाव पडलेला खेळाडू. तो परतला नाही. २०१५ मध्येही चारच होम रन. ‘पडलेल्या भावात घ्या, उसळी येईल’ असा नियम या तिघांवरून काढला, तर तुम्ही तिसऱ्याला सोयीने विसरलेले असता.

याच्याच शेजारी दुसरी एक गोष्ट आहे, ‘विजेत्याचा शाप’. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा तेल-अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावाबद्दल ती मांडली. एका वस्तूची खरी किंमत कोणालाच माहीत नाही आणि दहाजण अंदाज लावून बोली लावत आहेत. जिंकणार कोण? ज्याचा अंदाज सर्वात फुगलेला आहे तो. म्हणजे जिंकणं हाच जास्त मोजल्याचा पुरावा. फ्री एजंटचा बाजार नेमका तसाच. म्हणून ‘अमक्याने तमक्याला पटकावलं’ ही बातमी वाचताना पहिला प्रश्न असा हवा, की बाकीच्या २९ जणांनी इतके का दिले नाहीत?

आक्षेप तिसरा: शेजारी झोपलेले नसतात

प्रत्येक गावचा क्रीडालेखक आपापल्या संघाची बेरीज करतो. आम्ही पाच विजयांनी सुधारलो. समजा तिसांनीही तसं लिहिलं. झाले १५० जास्तीचे विजय! पण मोसमात सामने २४३० च, विजयही २४३० च. सरासरी काही झालं तरी ८१. हे जास्तीचे १५० येणार कुठून?

विभागाचा अंदाज म्हणजे पाच सुटे अंदाज नव्हेत. आपसात ७६-७६ सामने असताना एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव आहे. शेर्झर टायगर्सकडून गेला हे इतर चौघांसाठी न केलेली खरेदीच होती, तीही फुकट. ती कोणाच्याच प्रगतिपुस्तकात दिसली नाही. चल एकमेकांवर अवलंबून असताना त्यांना स्वतंत्र धरणं, ही चूक तुम्ही सांख्यिकीच्या पेपरात करणार नाही. मग बातमी वाचताना का करता?

आणि सुधारणा नेहमी बाहेरूनच येते असंही नाही. रॉयल्सचा माइक मूस्टाकास २०१४ मध्ये ०.२१२ वर होता, मध्येच त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं होतं. २०१५ मध्ये ०.२८४ आणि २२ होम रन. या सुधारणेची बातमी हिवाळ्यात नव्हती. ज्याची बातमी होते तेच मोजायचं आणि बाकी शून्य धरायचं, हा नमुनानिवडीचा दोष आहे, मग तो क्रीडापानावर असो की प्रबंधात.

आता मूर्ख नियमांची परीक्षा

मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. ‘कोणाच्या तुलनेत?’

कुठल्याही अंदाजाला आधी एखाद्या मूर्ख नियमाशी कुस्ती खेळायला लावायची. तीन मूर्ख नियम घेऊ आणि वरच्या पाच संघांवर चालवू. कागद घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

नियम एक: यंदा गेल्या वर्षीइतकेच. टायगर्स १६ ने चुकतात, ट्विन्स १३, रॉयल्स ६, क्लीव्हलँड ४, व्हाइट सॉक्स ३. सरासरी चूक ८.४.

नियम दोन: सगळ्यांना ८१. कुठलीच माहिती वापरायची नाही. चुका ७, २, १४, ०, ५. सरासरी ५.६.

नियम तीन: गेल्या वर्षीचा आकडा आणि ८१ यांच्या बरोबर मध्ये. चुका ११.५, ७.५, १०, २, १. सरासरी ६.४.

बघा गंमत. या विभागात, त्या वर्षी, ‘मला काही माहीत नाही, सगळ्यांना ८१’ म्हणणारा माणूस जिंकला. आणि त्याची चूक, ५.६, आपण वर काढलेल्या नाणेफेकीच्या मर्यादेच्या अगदी जवळ आहे.

म्हणून ‘८१ चा नियम सर्वोत्तम’ असं लिहून मोकळे होऊ नका. पाच आकडे, एक वर्ष. मी हा विभाग निवडला तोच मुळी उलथापालथ झाली म्हणून. दीर्घकाळाच्या आकड्यांवर नियम तीन सहसा का बरा ठरावा, याचं उत्तर तुम्हाला गाल्टनपाशी मिळेल. पण मुद्दा हा, की हा मूर्ख आकडा शेजारी मांडल्याशिवाय कुठल्याच अंदाजाला चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही.

बेसबॉलवाल्यांना हे पूर्वीच कळलं होतं. टॉम टँगो या अभ्यासकाने मार्सेल नावाची अंदाजपद्धत बनवली. नाव ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या माकडाचं! माकडालाही जमेल इतकी साधी: शेवटच्या तीन मोसमांना ५, ४, ३ असं वजन द्या, लीगच्या सरासरीकडे ओढा, वयाची थोडी दुरुस्ती करा. बस. त्याने ती उत्तम म्हणून मांडली नव्हती. तुमच्या हुशार मॉडेलने निदान या माकडाला तरी हरवावं, एवढीच अपेक्षा होती. आपल्या विषयात असं माकड कोणतं, हे ज्याला माहीत नाही त्याने मॉडेल बांधायला घेऊ नये.

मग पेकोटाचं काय?

पेकोटा नेट सिल्व्हरने बनवलं आणि बेसबॉल प्रॉस्पेक्टस या प्रकाशनाने चालवलं. नाव बिल पेकोटा या खेळाडूवरून, आणि तो होता रॉयल्सचाच माजी खेळाडू. योगायोग बघा.

७२ आणि ९५ मध्ये फरक २३ चा. हा नुसत्या नशिबाचा असू शकतो का? २३ ला ६.४ ने भागा: साडेतीन पटींपेक्षा जास्त. निव्वळ नाणेफेकीने इतकं चुकणं जवळजवळ अशक्य. म्हणजे मॉडेलला संघाची ताकद खरोखरच कमी वाटली होती. हा दोष मी माफ करत नाही.

पण पुढे बघू. रॉयल्सने त्या मोसमात ७२४ धावा केल्या आणि ६४१ दिल्या. नुसत्या धावांच्या हिशोबाने असा संघ ९० च्या आसपास जिंकतो. म्हणजे पाच विजय धावा योग्य वेळी आल्याचे. जुलैमध्ये संघाने जॉनी क्वेटो आणि बेन झोब्रिस्ट यांना आणलं. फेब्रुवारीतल्या मॉडेलला ते कुठून कळणार? आणि संघाची खरी ताकद कुणालाच नेमकी माहीत नसते. ती अनिश्चितता नशिबाइतकीच धरली, तर एकूण विचलन ९ च्या आसपास जातं आणि २३ ची चूक अडीच पट होते. ३० संघांत दर पाच-सहा वर्षांनी एखादा संघ इतका वर उडी मारणारच.

आता माझी खरी चूक दिसली का? त्या मोसमात मॉडेलने ३० अंदाज केले होते. मी त्यातला सर्वात लाजिरवाणा एक उचलला, स्लाइडवर टाकला आणि वर्गाला हसवलं. उरलेले २९ मी पाहिलेच नव्हते. मॉडेलपेक्षा माझी पद्धत जास्त सदोष होती.

गोष्टीचा पुढचा भाग कोणी सहसा सांगत नाही. २०१६ च्या मोसमाआधी त्याच पेकोटाने जगज्जेत्या रॉयल्सना ७६ विजय दिले. पुन्हा खिल्ली उडाली. संघ बरोबर ८१ वर थांबला, पुढच्या फेरीत गेलाच नाही. चूक पाच विजयांची, म्हणजे नाणेफेकीइतकीच. मधल्या काळात ‘हा संघ कमी स्ट्राइकआउट होतो, शेवटचे पिचर भक्कम आहेत, क्षेत्ररक्षण उत्तम आहे, म्हणून मॉडेलला तो समजत नाही’ अशी स्पष्टीकरणं सगळीकडे पसरली होती. ती चूक असतीलच असं नाही. २०१६ मध्ये मूस्टाकासचा गुडघा गेला, दुखापती झाल्या. पण निकाल लागल्यावर शोधलेलं स्पष्टीकरण हे गृहीतक असतं; त्याची परीक्षा नव्या आकड्यांवर व्हावी लागते. आणि पहिल्याच परीक्षेत ते काही चमकलं नाही.

‘अमुक संघ जिंकणार’ असं एका ओळीत सांगणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने २०१५ च्या वर्ल्ड सिरीजसाठी क्लीव्हलँडचं नाव घेतलं होतं. संघ ८१ वर अडकला. आणि २०१६ मध्ये तोच संघ वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला! मग त्यांची पारख चुकली, की बरोबर असून एक वर्ष आधी बोलले? सांगता येत नाही, कारण शक्यता किती ते लिहिलेलंच नाही. ‘शंभरात बारा’ म्हटलं असतं, तर अशा पुष्कळ विधानांची बेरीज करून त्यांना तपासता आलं असतं. पेकोटाची जमेची बाजू इथेच आहे. खेळाडूंसाठी ते एकच आकडा न देता शतमकांचा पट्टा देतं, फार वाईट गेलं तर इतकं, फार चांगलं गेलं तर इतकं. बातम्यांनी संघांचा तो एक आकडा उचलला, पट्टा सोडून दिला. यात मॉडेलचा दोष थोडा आणि वाचणाऱ्यांचा जास्त.

हे सगळं मला का बोचलं

माझा विषय हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचा अंदाज. त्या सेमिनारनंतर चारच महिन्यांनी मी सल्लागार समितीपुढे माझं मॉडेल मांडलं. आर-स्क्वेअर ०.८ च्या वर, आलेख देखणे. मॅडमचा प्रश्न आठवून आदल्या रात्री, उशिरा का होईना, मी एक माकड बनवलं: ‘उद्या आजच्याइतकंच.’ एका ओळीचा नियम. त्याने माझ्या मॉडेलला हरवलं. अगदी थोडक्याने, पण हरवलं.

सहा महिन्यांचं काम होतं. रात्रभर विचार केला, की ही स्लाइड घालायची की नाही. कोणाला कळणारही नव्हतं. सकाळी घातली. समितीने तासभर धुतलं, मॉडेल पुन्हा बांधायला सांगितलं. पण त्या दिवसानंतर मला माझ्या कामात नेमकं काय शोधायचं ते कळलं: धूळ किती हे नव्हे, तर ती अचानक कधी बदलते हे. कारण जिथे बदल नाही, तिथे माकड पुरेसं आहे.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘अंदाज’ हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. माझ्या विषयातला मूर्ख नियम कोणता आणि त्याची चूक किती? सगळं माहीत असतं तरी नशिबामुळे किती चूक उरली असती? माझे चल एकमेकांवर अवलंबून आहेत का? आणि मी उदाहरण निवडलं ते कधी, निकाल पाहण्याआधी की नंतर?

जाता जाता गृहपाठ. आरमध्ये लाहमन पॅकेज घ्या, त्यात संघांचा तक्ता आहे. १९९८ पासूनचे मोसम काढा, कारण तेव्हापासून संघ ३० आहेत. २०२० वगळा, त्या वर्षी ६० च सामने झाले. वरचे तीनही मूर्ख नियम सगळ्या संघांवर चालवा आणि सरासरी चुका मांडा. पण चालवण्याआधी एका कागदावर तारीख टाकून लिहा, की कोणता नियम जिंकेल आणि किती फरकाने. कागद फाडायचा नाही.